‘शून्य रुपयात सोलर’चा फॉर्म भरण्याआधी: मोफत ऑफर, लीडचा धंदा आणि आपला मोबाईल नंबर

फेसबुक नाहीतर इन्स्टाग्राम थोडा वेळ स्क्रोल केलं की ही जाहिरात येतेच. छतावर चकचकीत पॅनल, खाली ‘शून्य रुपयात सोलर, वीजबिल कायमचं बंद, तुमच्या जिल्ह्यात शेवटच्या काही जागा’ आणि एक बटण, ‘पात्रता तपासा’. बटण दाबलं की नाव, मोबाईल, पिनकोड, महिन्याचं बिल किती येतं, घर स्वतःचं का भाड्याचं असे चार-पाच प्रश्न, मग ओटीपी, मग ‘अभिनंदन, तुम्ही पात्र आहात’. आणि पाच-दहा मिनिटांत फोन सुरू. एक पुण्यातून, एक नाशिकमधून, एक कुठून ते कळतच नाही, आणि प्रत्येकजण असं बोलतो जसं काही आपणच त्याच्या कंपनीत अर्ज केलाय. दोन दिवसांनी पर्सनल लोनवाले, मग इन्शुरन्सवाले.

आपण याला फ्रॉड म्हणतो आणि नंबर ब्लॉक करत बसतो. पण यातले बरेच लोक कायद्यानं फ्रॉडवाले नसतात, त्यांनी आपला नंबर पैसे देऊन विकत घेतलेला असतो, आणि कुणी विचारलंच तर ते त्या फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ दाखवतात, जिच्यापुढे आधीच टिक केलेली असते: ‘माझा नंबर डीएनडीवर असला तरी कंपनी आणि तिच्या पार्टनर्सना मला कॉल, एसएमएस, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप करायची मी परवानगी देतो’ अशा अर्थाची. (डीएनडी म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज नकोत अशी नोंदणी.) सगळा धंदा त्या एका ओळीवर चालतो. सोलर, मोफत सिबिल स्कोर, मोफत करिअर काउन्सेलिंग, मोफत हेल्थ चेकअप, मोफत कुंडली, वर दिसणारी वस्तू बदलते, खालची ओळ तीच. म्हणून हा लेख त्या ओळीबद्दल आहे, ती ओळखायची कशी, द्यायची नाही कशी आणि दिली असेल तर परत घ्यायची कशी.

आधी धंदा समजून घ्या

लीड म्हणजे गिऱ्हाईक होऊ शकेल अशा माणसाची माहिती. ती गोळा करणारा वेगळा, विकणारा वेगळा, फोन करणारा वेगळा. जाहिरात टाकणारा बऱ्याचदा कुठल्याच सोलर कंपनीचा नसतो, तो अ‍ॅफिलिएट असतो, त्याला दर लीडमागे पैसे मिळतात, धंद्यात याला सीपीएल म्हणतात, कॉस्ट पर लीड. तुमच्या घरी पॅनल बसलं का नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही, फॉर्म भरला की त्याचं काम झालं. मग ती लीड एका प्लॅटफॉर्मवर जाते आणि तिथून खरेदीदारांना. कधी एकालाच विकतात, तिला एक्स्क्लुझिव्ह लीड म्हणतात आणि ती महाग असते. जास्त करून शेअर्ड लीड असते, तीच तीन-चार जणांना. पहिला फोन जातो त्याला गिऱ्हाईक मिळायची शक्यता जास्त म्हणून सगळे एकदम तुटून पडतात, त्या पहिल्या तासातल्या फोनच्या भडिमाराचं कारण हे आहे. आणि जी लीड विकून झाली पण सौदा झाला नाही ती जुनी लीड म्हणून स्वस्तात पुन्हा विकली जाते, त्यामुळे सगळं शांत झालं असं वाटल्यावर चार-सहा महिन्यांनी अचानक परत फोन सुरू होतात.

फॉर्ममधल्या प्रश्नांकडे आता परत बघा. बिल किती, घर स्वतःचं का, छत मोकळं आहे का, कधी बसवायचंय. आपल्याला वाटतं पात्रता तपासतायत. पण जास्त बिल, स्वतःचं घर, ‘एका महिन्याच्या आत’ असं उत्तर दिलं की लीडचा भाव वाढतो, आणि ओटीपी टाकला की ती ‘व्हेरिफाइड’ होते म्हणजे भाव अजून वाढतो. शेवटी सगळेच ‘पात्र’ निघतात. यात लहान व्हेंडरचंही नुकसान होतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. तालुक्याच्या गावी प्रामाणिकपणे काम करणारा माणूस शंभर लीड विकत घेतो, त्यातल्या कितीतरी लोकांना पॅनल नकोच असतात, त्यांनी ‘मोफत’ वाचून फॉर्म भरलेला असतो, आणि तो वाया गेलेला खर्च मग जो खरंच पॅनल घेतो त्याच्या कोटेशनमध्ये जातो.

अमेरिकेत हा धंदा फार आधीपासून चालू आहे आणि तिथल्या केसेस वाचल्या की इथं काय चाललंय ते स्पष्ट कळतं. २००७-०८ च्या सुमाराला तिथं ‘फ्री आयपॉड’, ‘फ्री लॅपटॉप’ची लाट होती, बक्षीस मिळवायला आधी एकामागून एक दुसऱ्या कंपन्यांच्या ऑफर घ्याव्या लागायच्या, त्यातल्या कितीतरी पैसे भरून घ्यायच्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं म्हणजे एफटीसीनं २००७ मध्ये अ‍ॅडटेरॅक्टिव्ह कंपनीकडून साडेसहा लाख डॉलर आणि २००८ मध्ये व्हॅल्यूक्लिककडून २९ लाख डॉलर वसूल केले. २०१७ ची ब्लू ग्लोबल कंपनीची केस यापेक्षा वाईट. लोकांनी कर्जासाठी भरलेले जवळपास दीड कोटी अर्ज होते, ‘तुम्हाला सगळ्यात चांगला लेंडर शोधून देतो’ असं सांगून घेतलेले, प्रत्यक्षात त्यातले फार थोडे अर्ज कर्ज देणाऱ्यांकडे गेले, बाकीची माहिती जो पैसे देईल त्याला विकली. निकाल १० कोटी डॉलरच्या वरचा लागला. आणि २०२३ मध्ये फ्लुएंट नावाच्या कंपनीवर कारवाई झाली, मोफत गिफ्ट कार्ड आणि नोकरीच्या नावाखाली लोकांकडून फोन करायची संमती गोळा करायची आणि ती विकायची, एफटीसीनं तिला ‘कन्सेंट फार्म’ म्हटलं. दोन वर्षांत ६२ कोटींवर लीड विकल्याचा आरोप होता. दंड २५ लाख डॉलर. एवढ्या लीडपुढे हा दंड काहीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच कुणीतरी कारवाई करेल म्हणून थांबू नका, फॉर्मपाशीच थांबा.

पायरी १: ‘मोफत’चा हिशोब आधी स्वतः करा

सोलरचंच घ्या. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना खरी आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदान ठरलेलं आहे: १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा त्याच्या वर कितीही बसवा, घरगुती ग्राहकाला जास्तीत जास्त ७८ हजार. आता ३ किलोवॅटचा खर्च सरकारनं धरलेल्या बेंचमार्क दरानं काढा, पहिले दोन किलोवॅट ५० हजार प्रमाणे म्हणजे १ लाख, तिसरा ४५ हजार, एकूण १ लाख ४५ हजार. त्यातून ७८ हजार वजा केले तरी ६७ हजार उरतात, आणि बाजारातलं कोटेशन यापेक्षा जास्तच येतं. मग शून्य रुपये कुठून आले? बहुतेक वेळा त्याचा अर्थ शून्य डाउन पेमेंट, म्हणजे तुमच्या नावावर कर्ज आणि महिन्याला हप्ता. किंवा मग पॅनल कंपनीच्या मालकीचे, छत तुमचं आणि तयार झालेल्या विजेचे पैसे तुम्ही कंपनीला द्यायचे, याला रेस्को मॉडेल म्हणतात. दोन्ही गोष्टी वाईट नाहीत, कुणाला सोयीच्याही असतील, पण त्या मोफत नाहीत, आणि जाहिरातीत ते न सांगता फोनवर तिसऱ्या कॉलला सांगितलं जातं.

हाच प्रश्न कुठल्याही ऑफरला विचारा: वस्तूची खरी किंमत किती, ती कोण भरतंय आणि का. उत्तर सापडलं नाही तर पैसे तुमच्या नंबरातून वसूल होणार आहेत असं समजा.

यासाठी आपल्याकडे नियमही आहे आणि चांगला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं, म्हणजे सीसीपीएनं, जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ‘मोफत’ म्हणायचं कधी हे लिहिलंय. ग्राहकाला जाहिरातीला उत्तर द्यायचा अटळ खर्च आणि वस्तू आणण्याचा किंवा डिलिव्हरीचा खर्च सोडून आणखी काही द्यावं लागत असेल तर मोफत म्हणता येत नाही. पॅकिंग, हँडलिंग, अ‍ॅडमिन चार्ज लावून मोफत म्हणता येत नाही. आणि ग्राहकाला नेमकी कशाची बांधिलकी घ्यावी लागणार आहे हे जाहिरातीत स्पष्ट पाहिजे. ‘फ्री सॅम्पल, फक्त ९९ रुपये हँडलिंग’ हे दिसलं की हा नियम आठवा, तक्रार करताना उपयोगी पडतो.

पायरी २: जाहिरात कुणाची आहे ते शोधा

हे काम मोबाईलवर पाच मिनिटांत होतं आणि बहुतेक खोट्या ऑफर इथंच गळतात.

फेसबुकच्या जाहिरातीवर पेजच्या नावाला टच करा, अबाऊटमध्ये पेज ट्रान्सपरन्सी असतं. पेज कधी तयार झालं, आधी त्याचं नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशात आहेत हे तिथं दिसतं. ‘महाराष्ट्र सोलर अनुदान योजना’ असं भारदस्त नाव आणि पेज दीड महिन्यापूर्वीचं, त्याआधी नाव काहीतरी फॅशन ज्वेलरी, असं दिसलं की पुढे जायची गरज नाही. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत त्याच पेजच्या चालू असलेल्या बाकीच्या जाहिराती बघता येतात, एकच पेज सोलर पण विकतंय, लोन पण आणि वजन कमी करायची पावडर पण, तर तो लीड गोळा करणारा आहे, सोलरवाला नाही. गुगलवरच्या जाहिरातींसाठी अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे, तिथं जाहिरातदाराचं व्हेरिफाय झालेलं नाव मिळतं.

मग वेबसाईट. सरकारी योजना असेल तर पत्ता गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन नं संपला पाहिजे, मध्ये कुठेतरी ‘गव्ह’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही, शेवट बघायचा. सूर्यघरचं अधिकृत पोर्टल पीएमसूर्यघर डॉट गव्ह डॉट इन आहे. तिथं वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, महावितरणचा असेल तर तो १२ अंकी असतो, नोंदणीकृत व्हेंडरची यादी तिथंच मिळते, तुम्ही स्वतः दोघा-तिघांना फोन करून कोटेशन घ्यायचं, आणि काम होऊन नेट मीटर लागल्यावर अनुदान तुमच्या बँक खात्यात येतं. या वाटेत ‘पात्रता तपासा’वाल्या कुणाचीच गरज लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मोफत शिलाई मशीन, मोफत लॅपटॉपच्या लिंकचंही तसंच, अशा मेसेजेसना केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं वेळोवेळी खोटं ठरवलंय, आणि ‘दहा ग्रुपला पाठवा मग अर्ज पूर्ण होईल’ असं लिहिलेली कुठलीही योजना सरकारची नसते.

फ्लॅटच्या बाबतीत महाराष्ट्रात एक चांगली सोय आहे. मोठ्या प्रोजेक्टच्या नावानं दलालांनी बनवलेल्या मायक्रोसाईट भरपूर असतात, बिल्डरची अधिकृत साईट वाटावी अशा, तळाला लहान अक्षरात ‘ही अधिकृत वेबसाईट नाही’ असं लिहिलेलं. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांच्या नियामकानं, जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. तो स्कॅन करा, प्रोजेक्टची सगळी माहिती महारेराच्या साईटवर मिळते, ‘ब्रोशर डाउनलोड करा’ म्हणून नंबर द्यायचं कारणच राहत नाही.

पायरी ३: फॉर्म खालून वर वाचा

आपण वरून वाचतो, ऑफर, मग नाव, मग नंबर, आणि खाली पोचेपर्यंत बोट सबमिटवर गेलेलं असतं. उलटं करा. आधी तळ बघा. टिक आधीच केलेली आहे का? ती काढून सबमिट होतं का? ‘पार्टनर्स’, ‘अ‍ॅफिलिएट्स’, ‘थर्ड पार्टीज’, ‘ग्रुप कंपनीज’ हे शब्द आहेत का? डीएनडीचा उल्लेख आहे का? हा उल्लेख असला की समजायचं की तुमच्या डीएनडीवर मात करायला लेखी परवानगी घेतायत, कारण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमात ग्राहकानं स्वतः दिलेली स्पष्ट संमती ही डीएनडीच्या वर धरली जाते. मग प्रायव्हसी पॉलिसी उघडा, सगळी वाचू नका, कुणाला वेळ नाही, ‘शेअर’ हा शब्द पेजवर सर्च करा आणि तेवढे दोन परिच्छेद वाचा. कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता कुठेच नसेल तर बंद करा.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतल्या फॉर्मबद्दल घरातल्या मोठ्या माणसांना वेगळं सांगा, प्रत्यक्ष मोबाईल हातात घेऊन दाखवा. हे फॉर्म दुसऱ्या साईटवर जातच नाहीत, तिथंच उघडतात, आणि प्रोफाईलमधलं नाव, नंबर, ईमेल आपोआप भरलेलं येतं. आई-बाबांना वाटतं आपण नुसती जाहिरात बघतोय, दोन वेळा ‘पुढे’ दाबलं आणि नंबर गेलासुद्धा. प्रोफाईलमधून मोबाईल नंबर काढता येत असेल तर काढून टाका, मग निदान तो हातानं टाईप करावा लागतो आणि माणूस एक क्षण थांबतो.

घड्याळ उलटं चालतंय, ‘तुमच्या तालुक्यात ७ जागा उरल्या’, ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लिहिलेलं नकाराचं बटण, हे सगळं ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या डिझाईनच्या, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नावानिशी आहे, एकूण १३ प्रकार दिलेत, खोटी घाई, लाजवून हो म्हणायला लावणं, सबस्क्रिप्शनचा सापळा, जाहिरात लपवून दाखवणं वगैरे. दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पायरी ४: द्यायचंच असेल तर खूण करून द्या

कधी कधी खरंच माहिती हवी असते, तेव्हा सगळं टाळता येत नाही. मग अशी माहिती द्या की पुढे ती कुठून फुटली ते कळेल. जीमेल वापरत असाल तर पत्त्यातल्या अ‍ॅटच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घालता येतो, मेल तुमच्याच इनबॉक्सला येतो. सोलरच्या फॉर्मला ‘सोलर’ शब्द जोडा, कोर्सच्या फॉर्मला ‘कोर्स’. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत, तिथं नावात खूण करा, मधलं अक्षर वेगळं टाका. उद्या लोनवाल्यानं तुम्हाला त्याच चुकीच्या अक्षरासकट हाक मारली की फॉर्म कुठला ते लगेच समजतं. जुना दुसरा सिम असेल तर तो अशा कामाला ठेवा, फक्त तो बँकेला किंवा आधारला जोडलेला नको.

पॅन, आधार, जन्मतारीख ‘पात्रता’ बघायला कधीच देऊ नका. मोफत सिबिल स्कोरसाठी तर मुळीच गरज नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक क्रेडिट ब्युरोला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावाच लागतो, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा चार आहेत, म्हणजे त्यांच्याच साईटवरून वर्षाला चार रिपोर्ट सहज मिळतात. दुसऱ्या अ‍ॅपवर स्कोर बघितला की तुमचं कर्जाचं सगळं चित्र त्यांच्याकडे जातं आणि मग ‘तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड’ सुरू होतं. लोनच्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग मागितला तर तिथंच अनइन्स्टॉल करा, रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमात याला मनाई आहे.

‘फ्री ट्रायल’साठी कार्ड किंवा यूपीआय मागितलं तर ते ऑटोपेचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, आहे का बघा. आपल्याकडे आपोआप पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना यायला हवी असा नियम आहे, पण तो मेसेज बाकीच्या शंभर मेसेजमध्ये हरवतो. ट्रायल सुरू केल्या केल्या यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट रद्द करून टाका.

मॉलमधलं लकी ड्रॉचं कूपन पण याच घरातलं. फोन येतो, गिफ्ट लागलंय, हॉटेलवर जोडप्यानंच यायचं, आणि तिथं दोन-तीन तास हॉलिडे मेंबरशिपचं प्रेझेंटेशन. कूपनवर नंबर लिहू नका, बास.

पायरी ५: नंबर गेलाच असेल तर या क्रमानं करा

पहिला तास महत्त्वाचा. फॉर्म, जाहिरात, खालची बारीक ओळ, आलेला ओटीपीचा मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, ही पानं लवकर बदलतात. पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका, जेवढ्या लवकर तेवढी रक्कम मध्येच थांबवता यायची शक्यता जास्त.

फोन यायला लागले की सरळ कट करू नका, पहिल्या दोन-तीन फोनवर एक काम करून घ्या. शांतपणे विचारा, ‘ताई, तुमच्या स्क्रीनवर या लीडचा सोर्स काय दिसतोय? कॅम्पेनचं नाव काय आहे? तारीख कुठली?’ कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहसा दिसतं. पलीकडची मुलगी किंवा मुलगा टार्गेटवर काम करत असतो, तिच्यावर ओरडून काही मिळत नाही, नीट विचारलं की बरेच जण सांगतात. मग म्हणा, ‘मला रस नाही, हा नंबर तुमच्या डू नॉट कॉलमध्ये टाका, आणि कंपनीचं पूर्ण नाव सांगा.’ नाव, नंबर, तारीख लिहून ठेवा.

सोर्स कळला की त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीतल्या ईमेलवर हे पाठवा, थोडं बदलून वापरा:

‘मी अमुक तारखेला तुमच्या अमुक पानावर माझा मोबाईल नंबर दिला होता. त्यावेळी घेतलेली संपर्काची आणि माहिती इतरांना देण्याची संमती मी आजपासून मागे घेत आहे. माझी माहिती तुमच्याकडून काढून टाकावी, ती कोणकोणत्या कंपन्यांना दिली त्यांची नावे मला कळवावीत आणि त्यांनाही माझी संमती मागे घेतल्याचे कळवावे. उत्तर न आल्यास मी ग्राहक हेल्पलाईन आणि संबंधित प्राधिकरणाकडे तक्रार करेन.’

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्या कायद्यात संमती मोकळेपणानं दिलेली, ठराविक कामापुरती आणि स्पष्ट हवी असं लिहिलंय, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं पाहिजे. म्हणून मेलची सवय आत्तापासून लावा, आणि लेखी पुरावा हातात राहतो तो वेगळाच.

मग डीएनडी. १९०९ ला इंग्रजीत स्टार्ट लिहून जागा सोडून शून्य असा एसएमएस करा, सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद होतात, बँकेचे ओटीपी वगैरे चालू राहतात. हे लगेच त्याच दिवशी होत नाही, थोडे दिवस जातात. ऑपरेटरच्या अ‍ॅपमधूनही होतं आणि ट्रायचं डीएनडी अ‍ॅप आहे ते तक्रारीला जास्त सोयीचं, त्यात कॉल लॉगमधून नंबर निवडून तक्रार जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं नियम सुधारले, आता नको असलेल्या कॉल-मेसेजची तक्रार ७ दिवसांच्या आत करता येते, नोंदणी नसलेल्या म्हणजे साध्या दहा अंकी नंबरवरून जाहिरात करणाऱ्याविरुद्ध तक्रारीला तुमची डीएनडी नोंदणी असायची पण गरज नाही, त्यावर ऑपरेटरनं ५ दिवसांत कारवाई करायची, आणि एका नंबरविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या की कारवाईला पुरेसं. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ‘यांचे फोन येतायत’ एवढं लिहून थांबू नका, ज्यांना ज्यांना आलेत त्या सगळ्यांनी तक्रार टाका, पाच जण कुठल्याही सोसायटीत मिळतात.

नियमानं जाहिरातीचे कॉल १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत, बँक-विम्याचे सेवेचे कॉल १६०० वरून. एसएमएसच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन इंग्रजी पी असेल तर ती जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी.

व्हॉट्सअ‍ॅपला डीएनडी लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. तिथं ब्लॉक करतानाच रिपोर्ट करा, आणि फसवणुकीचा वास आला तर संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे, तिथं कॉल, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप तिन्हीची तक्रार घेतात. आधारची प्रत दिली असेल तर त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासा आणि आधारच्या साईटवरून बायोमेट्रिक लॉक करून टाका. पॅन दिलं असेल तर दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून ‘एन्क्वायरी’चा भाग बघा, न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसली तर ब्युरोकडे डिस्प्यूट टाका.

पायरी ६: जाहिरातीविरुद्ध तक्रार

फोन करणाऱ्याची तक्रार वेगळी आणि ‘मोफत’ म्हणून फसवणाऱ्या जाहिरातीची वेगळी. दुसरीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५, मराठीतूनही बोलता येतं, किंवा ८८००००१९१५ वर व्हॉट्सअ‍ॅप. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे कंपनीचं नाव पक्कं असेल तर हेल्पलाईनवरून पत्र गेलं की बऱ्याच कंपन्या लगेच उत्तर देतात.

तक्रारीत भावना कमी आणि कागद जास्त ठेवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ज्यात ‘मोफत’ किंवा ‘शून्य रुपये’ दिसतंय, ती कुठल्या तारखेला कुठं दिसली, फॉर्मच्या तळाच्या ओळीचा स्क्रीनशॉट, फोनवर प्रत्यक्षात किती पैसे सांगितले ते, शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलेलं कोटेशन, आणि संमती मागे घेतल्याचा तुमचा मेल. ‘मोफत म्हटलं पण एवढे पैसे मागितले, २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हे चालत नाही’ एवढं एका वाक्यात लिहा. फेसबुकवर ती जाहिरात रिपोर्ट करा, पण स्क्रीनशॉट काढून झाल्यावरच, आधी केली आणि ती उडाली तर पुरावाही उडतो. डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळेल तो जपून ठेवा, दोन आठवड्यांत काही हललं नाही तर त्याच नंबरवर पुन्हा विचारा, नवी तक्रार टाकू नका.